पाल लक्षात राहिली, बाकी सगळं विसरला

पत्र:

'मी ६९ वर्षांची, हे ७४चे. मुलगा-सून नोकरीमुळे दुसऱ्या गावी असतात. नात ९ वर्षांची आहे, नातू ५ वर्षांचा. गेल्या वर्षी आम्ही दोघंच त्यांना घेऊन पहिल्यांदा शनिवार-रविवारच्या सहलीला गेलो. महिनाभर आधीपासून आखणी केली होती. दोन दिवसांत सात ठिकाणं दाखवली. परवा फोनवर नातवाला विचारलं, "आपण कुठे कुठे गेलो होतो रे?" तर म्हणाला, "बाथरूममध्ये पाल होती. आजोबा घाबरले." बस, एवढंच! नातीला थोडं आठवतं, पण तेही फोटो बघून. पुढच्या महिन्यात पुन्हा दोन दिवस मिळणार आहेत. आपण गेल्यावर या मुलांना आपलं काहीतरी आठवावं, असं फार वाटतं. माझ्या आजीची मला एकच आठवण आहे. संध्याकाळी ती कंदिलाची काच पुसायला बसायची आणि काचेत वाफ सोडायचं काम माझं असायचं. मी पाच वर्षांची असेन. वर्षभरात ती गेलीच. आमच्या नातवंडांकडे निदान याहून जास्त काही राहावं. या वेळी काय करू? सून म्हणते, "आई, एवढं टेन्शन घेऊ नका." पण रात्री झोप लागत नाही.'

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोन दिवस माझ्या टेबलावर उघडंच होतं. पालीमुळे नव्हे, कंदिलाच्या काचेमुळे. 'एकच आठवण आहे' असं तुम्ही लिहिता, जणू ती कमी पडली. अहो, चौसष्ट वर्षं टिकली ती! काच पुसणं हे तुमच्या आजीचं रोजचं काम. तुमच्यासाठी म्हणून तिने ते मुद्दाम मांडलं नव्हतं. त्या कामातला एक वाटा मात्र तिने तुम्हाला दिला. वाफ तुम्ही सोडायची, फडकं तिने फिरवायचं. पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडच्या वाफेवाचून कंदिलाचं काही अडलं नसतं, हे तिला ठाऊक होतंच. तरी ती थांबायची, तुमची वाफ येईपर्यंत. मी पुढे जे काही लिहिणार आहे, ते सगळं या थांबण्याबद्दल आहे.

आपल्या भाषेत आठवण 'राहते' म्हणतात, ते मला फार खरं वाटतं. ठरवून बनवायला गेलं की ती हाती लागत नाही. राहायला तिला जागा मात्र करून द्यावी लागते, आणि ती करता येते.

आधी नातवाची बाजू घेते. गेल्या वर्षी तो चार वर्षांचा होता. बहुतेक मोठ्या माणसांना मागे जाऊन जी सगळ्यात पहिली गोष्ट आठवते, ती साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयातली असते, आणि सहा-सात वर्षांपर्यंतचं तर तुटक तुटकच आठवतं. यात मुलांचा दोष नाही, तुमच्या प्रेमाचाही नाही. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या पॅट्रिशिया बाउअर आणि मरीना लार्किना यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. तीन वर्षांच्या मुलांशी त्यांच्या आयांनी नुकत्याच घडलेल्या प्रसंगांविषयी गप्पा मारल्या आणि त्या नोंदवून ठेवल्या गेल्या. मग त्यातल्या काही मुलांना पाचव्या वर्षी, काहींना सहाव्या, अशा रीतीने नवव्या वर्षापर्यंत वेगवेगळ्या वयांत तेच प्रसंग विचारले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना ६० टक्के किंवा त्याहून जास्त प्रसंग आठवत होते. आठव्या-नवव्या वर्षी हे प्रमाण ४० टक्क्यांच्या खाली आलं. म्हणजे लहानपणचं बरंच काही सातव्या वर्षापर्यंत शाबूत असतं, ओहोटी लागते ती त्यानंतर. तुमचा नातू आता पाच वर्षांचा आहे. ताई, फार चांगल्या वेळी विचारलंत तुम्ही. आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात दिसली. ज्या आया मुलाला आपल्या कलाने सांगू द्यायच्या, 'मग? अजून सांग ना' म्हणायच्या, त्यांच्या मुलांच्या आठवणी जास्त भरलेल्या होत्या.

मग सात ठिकाणं गेली कुठे? त्याचं उत्तर मला दुसऱ्या एका अभ्यासात सापडतं, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. मिंडा टेस्लर आणि कॅथरिन नेल्सन यांचा, १९९४ सालचा. साडेतीन-एक वर्षांची मुलं आपापल्या आईबरोबर एका मोठ्या संग्रहालयात फिरून आली. आठवड्याने मुलांना विचारलं, काय काय बघितलंस? मुलांना फक्त त्याच वस्तू आठवल्या, ज्यांच्याबद्दल आई आणि मूल दोघंही एकमेकांशी बोलले होते. आई एकटीच बोलली, ती वस्तू गेली. मूल एकटंच बडबडलं आणि आईने 'हं' म्हणून सोडून दिलं, तीही गेली.

आता तुमची सहल डोळ्यांसमोर आणा. सात ठिकाणी गाडीतून उतरणं, 'हे बघ, ते बघ', उभे राहा, फोटो, पाणी प्या, चला बसा. मुलाच्या लेखी ती सात ठिकाणं नव्हतीच, एकच गोष्ट सात वेळा झाली. एकसारख्या गोष्टी मन एकावर एक रचून त्यांची एकच घडी करून ठेवतं. पालीचं मात्र निराळं. पाल दिसल्यावर तो ओरडला असेल, आजोबा दारातच थबकले असतील, त्याची ताई हसत सुटली असेल, तुम्ही 'काही करत नाही रे ती' म्हणत आत गेला असाल. परत आल्यावर आईबाबांना त्याने हाच किस्सा आधी सांगितला असेल, आणि तेही हसले असतील. त्या पालीबद्दल सगळं घर बोललं. ती राहिली, यात नवल ते काय? आणि त्या आठवणीत आजोबा आहेत, हे तुमच्या नजरेतून निसटलं का? इतका मोठा माणूस आपल्यासारखाच घाबरतो, हे त्याने जपून ठेवलंय.

म्हणून या वेळी ठिकाणं कमी करा. माझं मत विचाराल तर, राहायची एकच जागा आणि दिवसाला एकच ठरवलेली गोष्ट. बाकी वेळ मोकळा. कुठेतरी जाऊन नुसतं बसायचं, हे ऐकायला सहलीसारखं वाटत नाही, मला कल्पना आहे. घरी आल्यावर लोक 'काय काय पाहिलंत?' विचारतात तेव्हा सांगायला यादी लागते. ती यादी मोठ्यांच्या उपयोगाची. पाच वर्षांच्या मुलाला एक ओढा, दोन-चार दगड आणि काठी मिळाली, तर त्याची सकाळ कशी जाते ते बघा, आणि बघताना त्याच्या शेजारी बसा. तो 'हे काय?' म्हणाला तर लगेच उत्तर देऊ नका. 'तुला काय वाटतं?' असं विचारा. तुम्ही बोलाल, तो बोलेल, आणि संग्रहालयातल्या त्या मुलांसारखी ती गोष्ट दोघांची होईल. दुपारची झोपही मोडू नका. दिवसभरात घडलेलं मनात पक्कं बसतं ते झोपेत. वेळापत्रकासाठी पेंगुळलेल्या मुलाला ओढत नेलं तर चिडचिड वाढते आणि पाहिलेलंही टिकत नाही.

मोकळ्या वेळात करायचं काय, तर कामं वाटून द्यायची. इथेच तुमची कंदिलाची काच येते. मुलांना खरीखुरी कामं द्या. खोटी कामं मुलांना लगेच ओळखू येतात. नातवाकडे विजेरी सोपवा. संध्याकाळनंतर कुणाला अंधारात कुठे जायचं असेल, तर उजेड त्याने दाखवायचा. निघताना पिशव्या मोजायचं काम त्याचं. 'किती झाल्या रे?' आणि तो म्हणेपर्यंत गाडी सुरू करायची नाही. तो चुकेल, पुन्हा मोजेल, बाहेर इतर लोक घाई करत असतील. तरी थांबा. नात नऊ वर्षांची म्हणजे चांगली जाणती. तिच्या हातात नकाशा द्या, कागदाचा मिळाला तर फारच उत्तम. वाट तिने सांगायची. शनिवारी संध्याकाळी काय करायचं हेही तिने ठरवायचं, आणि तिने ठरवलेलं तुम्हाला पसंत नसलं तरी तेच करायचं. ती चुकीच्या वळणावर घेऊन गेली तर वळण घ्या. धोका नसेल तर त्या चुकलेल्या वाटेइतकी चांगली गोष्ट दोन दिवसांत दुसरी घडणार नाही.

माझ्या घरची एक गोष्ट सांगते. माझी नात सात वर्षांची असताना आम्ही दोन दिवसांसाठी बाहेरगावी गेलो होतो. मी पहाटे उठते, तशी तिथेही उठले. ती कूस बदलत होती. का कोण जाणे, मी तिच्या कानात म्हटलं, "येतेस? पहिला पक्षी कधी बोलतो ते ऐकू." आम्ही दोघी एकाच शालीत बाहेरच्या पायरीवर बसलो. पायरी इतकी गार होती की तिने पाय माझ्या मांडीखाली खुपसले. अंधार होता, काही दिसत नव्हतं. आधी खूप वेळ काहीच नाही. मग लांबून एक बारीक शीळ आली, एकदाच. ती इतक्या हळू म्हणाली की मला तिचा श्वासच जास्त ऐकू आला, "आजी, तो आधी उठला आणि आता बाकीच्यांना उठवतोय." मग दुसरा बोलला, तिसरा बोलला, आणि थोड्याच वेळात इतका गलका झाला की मोजता येईना. त्या सहलीत आम्ही आणखी काय केलं, हे मलाही नीट आठवत नाही. ती आज कॉलेजात आहे. कधी पहाटे अभ्यासाला उठली, तर मला निरोप पाठवते, 'पहिला बोलला.' एवढेच दोन शब्द.

म्हणून सांगते, दोन दिवसांत प्रत्येक नातवंडाबरोबर थोडा वेळ एकेकट्याने काढा. अर्धा तास पुरे. दोन मुलं एकत्र असली की त्यांचं लक्ष एकमेकांकडे असतं, तुमच्याकडे येतं ते तक्रार घेऊन. एकटं मूल वेगळंच बोलतं. नातीच्या वयाची मुलं तर समोरासमोर बसवून विचारलं की मिटून जातात. शेजारी शेजारी चालताना, काही निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना बोलू लागतात. तेव्हा उपदेश करू नका. शाळेत कुणाशी बिनसलंय, असं ती म्हणाली तर ऐकून घ्या, आणि ते सुनेला सांगायचं की नाही हे तिलाच विचारा. मात्र तिच्या जिवाला किंवा सुरक्षिततेला धक्का लागेल असं काही कानावर आलं, तर ते गुपित ठेवू नका. आईबाबांना सांगावं लागेल, हे तिलाही सरळ सांगा.

आजोबांविषयी तुम्ही पत्रात फारसं काही लिहिलं नाही, पण ७४ वर्षांचं वय म्हणजे गुडघे, दम, दुपारची वामकुक्षी हे आलंच. त्यांनी मुलांमागे धावावं, अशी अपेक्षा ठेवू नका. त्यांना एक जागा द्या. झाडाखाली खुर्ची टाका, आणि मुलं फिरून आली की 'काय आणलंत दाखवा' हे त्यांचं काम. पान, पीस, दगड, शिंपला, जे आणतील ते त्यांनी हातात घेऊन, उलटसुलट करून बघायचं. पान चुरगळून वास घ्यायला लावायचा. वासाची वाट मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या फार जवळून जाते. म्हणून तर वर्षानुवर्षांनी एखादा वास आला की माणूस एकदम मागे फेकला जातो. खुर्चीत बसलेले आजोबाही मुलांना तेवढेच लक्षात राहतील, कदाचित पळणाऱ्यापेक्षा जास्त, कारण ते जागेवर सापडतात.

फोटोंचं काय करायचं? फोटो काढू नका, असं मी म्हणणार नाही. तुम्हाला नंतर एकटं असताना ते लागतात, मलाही लागतात. पण लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या २०१४ सालच्या प्रयोगात असं दिसलं, की संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले, त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. जणू कॅमेऱ्यावर सोपवलं आणि डोळे मोकळे झाले. गंमत म्हणजे वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला, तर मात्र आठवण तितकी घसरली नाही. मग असं करा, दिवसाला दहाच फोटो आणि ते मुलांनी काढायचे. प्रत्येक फोटोआधी त्यांनी सांगायचं, हाच का? तुमचे दोघांचे फोटोही त्यांनाच काढू द्या. घराघरांत असं होतं की फोटो काढणारी आजीच कुठल्या फोटोत नसते. तुम्ही फोटोत या. डोकं कापलं गेलं तरी चालेल, तो फोटो त्याने काढलेला असेल.

मोबाइल-टॅबच्या बाबतीत मी दोन्ही बाजूंनी बोलेन. मुलांना पहिल्या तासापासून बंदी घातलीत तर पूर्ण शनिवार त्याच भांडणात जाईल. सुनेशी आधी बोलून ठेवा, वेळ ठरवा आणि ती पाळा. मात्र तुमचा फोनही तेवढा वेळ पिशवीत असू दे. प्रवासात तर पडदा आणि पुस्तक दोन्ही टाळलेलं बरं. गाडी लागते ती कानाच्या आतला भाग एक सांगतो आणि डोळे दुसरंच सांगतात म्हणून, आणि दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो. खिडकीबाहेर लांबवर बघायला लावा. थोडी हवा येऊ द्या.

आता बिघडण्याविषयी. काहीतरी बिघडणारच. पाऊस येईल, कुणाचं पोट दुखेल, दोघं कडाक्याने भांडतील, रात्री नऊ वाजता धाकटा 'आईकडे जायचं' म्हणून रडेल. त्या रडण्याने तुम्ही दुखावू नका. तो तुमच्यावरचा नाराजीचा ठपका नाही. त्याला जवळ घ्या, आईला फोन लावायचा का ते विचारा, आणि 'मला पण माझ्या आईची आठवण येते' असं खरं असेल तर सांगा. आजीला पण आई होती, हे मुलांना फार मोठं नवल वाटतं. पावसामुळे बेत फिसकटला तर खोलीत दोन खुर्च्यांवर चादर टाकून घर करा. मुलं नंतर याच गोष्टी 'आठवतंय का' म्हणून काढतात. तुम्ही मात्र त्या क्षणी कपाळाला हात लावून 'सगळी सहल वाया गेली' असं बोलू नका. प्रसंगाला काय म्हणायचं, हे मूल आपल्या तोंडाकडे बघून ठरवतं.

शेवट मात्र सांभाळा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक साधा प्रयोग केला होता. लोकांनी एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सियसच्या गार पाण्यात हात धरायचा. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद, आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात पाणी हळूहळू अंशभर कोमट होत जायचं. पुन्हा कुठलं करायला आवडेल, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं! प्रसंग किती वेळ चालला यापेक्षा त्याचा सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट मनावर जास्त उमटतो. आपल्या सहलींचा शेवट कसा असतो? आवराआवर, 'चला चला उशीर होतोय', चपलेचा एक जोड सापडत नाही, कुणीतरी ओरडा खातं. म्हणून रविवारी सामान सकाळीच भरून ठेवा आणि निघायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास रिकामा ठेवा. जी जागा मुलांना सगळ्यात आवडली, तिथे पुन्हा एकदा जा आणि तिचा निरोप घ्या. धाकट्याला हात हलवून 'येतो हं' म्हणायला सांगा, ओढ्याला, झाडाला, जे असेल त्याला.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात, पण कडक शब्दांत सांगते. पाणी असेल तिथे दोघांपैकी एकाने फक्त मुलांकडे बघायचं, हातात फोन नाही, शेजाऱ्याशी गप्पा नाहीत. पाण्यात उतरलेलं पाच वर्षांचं मूल हात लांबवला की सापडेल इतक्या अंतरावर हवं. बुडणारं मूल ओरडत नाही, बहुतेक वेळा आवाजच होत नाही, आणि मिनिटा-दोन मिनिटांत सगळं होतं. पाण्यात उतरून मुलाला उचलून आणण्याइतकी ताकद दोघांत नसेल, तर त्या पाण्यात मुलांना उतरवूच नका, काठावरून दगड टाका. गाडीत मुलं मागच्या सीटवर, वयाप्रमाणे असते त्या बैठकीत, पट्टा लावून. निघण्याआधी सुनेकडून मुलांची औषधं, कशाची ॲलर्जी आहे ते आणि डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून घ्या. तुमची दोघांची औषधं एक दिवस जास्तीची ठेवा, आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी. सून 'टेन्शन घेऊ नका' म्हणते, ते तिला तुमच्याबद्दल वाटतं म्हणूनच. तिलाही या सहलीतलं एक काम द्या. मुलं परत आली की त्यांच्याकडून सगळं ऐकायचं, मधे न टोकता. ऐकून घेणारं कुणी नसेल, तर सांगणारा सांगायचं सोडून देतो.

कारण खरं काम सहल संपल्यावर सुरू होतं. मुलांना गेल्या गोष्टींबद्दल मोठी माणसं कसं विचारतात, यावर मानसशास्त्रज्ञ रॉबिन फिवुश आणि इतर अनेकांनी वर्षानुवर्षं काम केलंय. 'कुठे कुठे गेलो होतो?' हा परीक्षेतला प्रश्न झाला. तुम्ही फोनवर नेमका तोच विचारलात. त्याने एक उत्तर दिलं, ते तुमच्या अपेक्षेतलं नव्हतं, आणि तुम्ही गप्प झालात. तिथे विचारायचं होतं, 'हो रे! कुठे होती ती पाल? भिंतीवर की दारावर? मग आजोबा काय म्हणाले? तू काय केलंस?' त्याच्या पालीचा धागा धरून तुम्ही हळूहळू त्या खोलीत, खोलीबाहेरच्या झाडापाशी, संध्याकाळच्या वाऱ्यापर्यंत पोचला असतात. अजूनही उशीर झालेला नाही. पुढच्या फोनवर पाल तुम्ही काढा. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांची लहानपणची पहिली आठवण सरासरीने पावणेतीन वर्षांच्या आतली असते, इतरांपेक्षा बरीच आधीची. त्यांच्याकडे गेल्या गोष्टी मुलांना वारंवार आणि सविस्तर सांगायची रीत आहे, हे त्यामागचं एक कारण असावं, असं संशोधकांना वाटतं.

आणि सांगताना फक्त सहलीच्याच गोष्टी नकोत. फिवुश आणि मार्शल ड्यूक यांनी मुलांसाठी २० प्रश्नांची एक यादी केली होती. आजी-आजोबा कुठे वाढले, आईबाबा कसे भेटले, घरात कुणावर कोणतं संकट आलं होतं, अशा तऱ्हेचे प्रश्न. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती, त्यांचा स्वतःवरचा भरवसा जास्त होता आणि आपलं आयुष्य आपल्या हातात आहे असं त्यांना जास्त वाटायचं. नुसती उत्तरं पाठ करून घेण्याने हे होत नाही, असंही त्या दोघांनी सांगितलंय. घरात वेळ काढून, पुन्हा पुन्हा कुणीतरी सांगतं आणि कुणीतरी ऐकतं, त्यात ते आहे. तेव्हा रात्री दिवा मालवल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या तुमच्या गोष्टी सांगा. जिंकल्याच्या सांगा, हरल्याच्याही सांगा. नापास झाल्याची, वाट चुकल्याची, भांडून अबोला धरलेल्या मैत्रिणीची. एक गोष्ट अर्धी ठेवा, उरलेली दुसऱ्या रात्री.

'आपण गेल्यावर' असं तुम्ही लिहिलंत. मीही त्याच वयाच्या आसपास आहे, म्हणून तो शब्द मी ओलांडून जाणार नाही. रात्री दोन वाजता हा विचार मलाही येतो. मुलांनी आपल्याला किती आठवावं, हे आपल्याला ठरवता येत नाही, आणि त्या धास्तीने त्यांच्याकडे बघत राहिलं तर त्यांना ते ओझं जाणवतं. तुमच्या आजीने काच पुसताना, या पोरीला मी आठवेन का, असा विचार केला असेल असं मला वाटत नाही. तिला त्या संध्याकाळी काच स्वच्छ हवी होती आणि तुम्ही शेजारी हव्या होत्या. चौसष्ट वर्षांनी तिची नात एका अनोळखी बाईला पत्र लिहून तिच्याबद्दल सांगेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नसेल.

एक विचारायचं राहिलं. ही कंदिलाची गोष्ट तुम्ही नातवंडांना कधी सांगितलीय का? नसेल, तर या वेळी पहिल्या रात्री तीच सांगा. कंदील कसा असायचा ते हातांनी दाखवा. मग खोलीच्या खिडकीपाशी जा, धाकट्याला स्टुलावर उभं करा, त्याला घट्ट धरा, आणि काचेवर जोरात वाफ सोडायला सांगा. फडकं तुम्ही घ्या. त्याची वाफ येईपर्यंत थांबा.